फाईल्स पाठवल्या की फायली?

सबमिशनच्या आदल्या रात्रीचा तुमच्या वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप डोळ्यांसमोर आणा. कुणीतरी विचारतं, 'सगळ्या फाईल्स टाकल्या का?' दुसरा म्हणतो, 'दोनच फाईल आल्यात.' तिसरी लिहिते, 'सरांनी पाच फायली मागितल्यात.' तिघांनाही एकमेकांचं कळलं, काम झालं. पण या तिघांत बरोबर कोण, असं वर्गात विचारलं तर बहुतेक हात 'फाईल्स'साठी वर जातील. का? तर 'इंग्रजीत तसंच आहे ना!'

पण तिघंही बोलत होते मराठीत. 'सगळ्या', 'टाकल्या', 'आल्यात', 'मागितल्यात' हे सगळं मराठी. मग एका शब्दापुरता न्याय इंग्रजीच्या कोर्टात का मागायचा? तुम्ही म्हणाल, 'एवढ्याशा गोष्टीवर अख्खा लेख?' थांबा. या एवढ्याशा गोष्टीवरून कॉलेजात लोक एकमेकांना हसतात, आणि मोबाईलच्या कंपन्यांना माणसं बसवावी लागतात.

दोन उंदीर, दोन माउस

हा वाद फक्त आपला नाही. इंग्रजीवाले एका छोट्या वस्तूवरून कित्येक वर्षं असेच अडखळतायत. ती वस्तू म्हणजे माउस. डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेतून १९६४ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये पहिला माउस तयार झाला. तो प्रत्यक्ष बनवला त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी. आपल्या सावंतवाडीकरांना ऐकून बरं वाटेल, त्याचं कवच चक्क लाकडी होतं! खाली दोन चाकं, वर एक बटण, मागे वायर. चितारआळीतल्या दुकानात ठेवला असता तर एखाद्या पर्यटकाने गाडी समजून पोरासाठी विकत घेतला असता. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये एंगलबार्ट यांनी तो सगळ्यांसमोर वापरून दाखवला. शेपटीसारख्या वायरमुळे त्याला माउस म्हणायला लागले, पण ते नाव पहिल्यांदा कुणी उच्चारलं हे पुढे त्यांच्या टीममध्येही कुणाला आठवेना.

नाव चिकटलं आणि एकाचे दोन झाल्यावर पंचाईत झाली. इंग्रजीत उंदराचं अनेकवचन 'माइस'. मग टेबलावरच्या दोन नगांना काय म्हणायचं, 'माइस' की 'माउसेस'? पहिलं म्हणावं तर दुकानात उंदीर मागितल्यासारखं वाटतं. दुसरं म्हणावं तर शाळेतल्या टीचर आठवतात. आज इंग्रजी शब्दकोश या वस्तूसाठी दोन्ही रूपं देऊन मोकळे होतात.

व्हायरसची तऱ्हा त्याहून मजेशीर. हा मूळ लॅटिन शब्द, अर्थ विष. लॅटिनचा थोडाफार गंध असलेल्या काही कॉम्प्युटरवाल्यांनी ऐटीत त्याचं अनेकवचन 'व्हायराय' केलं. गंमत म्हणजे जुन्या लॅटिन ग्रंथांत या शब्दाचं अनेकवचन सापडतच नाही. विष मोजत नाहीत, जसं आपण पाणी मोजत नाही. म्हणजे पांडित्य दाखवायला गेले आणि नसलेलं रूप तयार करून बसले. साध्या इंग्रजीने 'व्हायरसेस' केलं आणि तेच टिकलं.

आता मराठीत बघा. एक माउस, दोन माउस. एक व्हायरस, दहा व्हायरस. संपलं! आणि भाताच्या कणगीतला खरा उंदीर? एक उंदीर, दोन उंदीर. इंग्रजीला इतकी वर्षं छळणारा प्रश्न मराठीत पडतच नाही. का पडत नाही, हे कळलं की फाईलचाही निकाल लागतो.

लिंग ठरलं की वचन ठरलं

मराठीचं व्याकरण म्हटलं की मोरो केशव दामले यांचं नाव येतं. कवी केशवसुतांचे हे धाकटे बंधू, म्हणजे आपल्या कोकणातलेच. त्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली आलं. त्या काळी फाईल होती ती कचेरीतली आणि माउस फक्त स्वयंपाकघरातला. पण त्या जाडजूड ग्रंथात लिंग आणि वचनाचा जो विचार आहे, तो तुमच्या मोबाईललाही तंतोतंत लागू पडतो. शाळेत पाठ केलेलं जरा आठवा.

शब्द पुल्लिंगी असेल आणि शेवटी 'आ' असेल तर 'ए' होतो. घोडा, घोडे. बाकीचे पुल्लिंगी शब्द जागचे हलत नाहीत. दगड, लाडू, हत्ती एकाला जे तेच शंभराला. म्हणून माउस, व्हायरस, पासवर्ड, लॅपटॉप, व्हिडिओ, फोटो हे सगळे तसेच राहतात. लाडूचं 'लाडूज' होत नाही, तर फोटोचं 'फोटोज' कशाला?

शब्द स्त्रीलिंगी असेल आणि शेवटी 'अ' असेल तर दोन वाटा. वीट, विटा किंवा भिंत, भिंती. लिंक पहिल्या वाटेने जाते, 'लिंका'. फाईल दुसऱ्या वाटेने, 'फायली'. शेवटी 'ई' असेल तर चावी, चाव्या. नपुंसकलिंगी शब्द असेल तर पुस्तक, पुस्तकं. तसंच ॲप, ॲपं आणि बटण, बटणं.

म्हणजे वचनावर भांडण्याआधी तुमच्या तोंडात त्या शब्दाचं लिंग काय आहे ते बघायचं. याचं मस्त उदाहरण म्हणजे इमोजी. हा जपानी शब्द. 'ए' म्हणजे चित्र आणि 'मोजी' म्हणजे अक्षर. तुम्ही 'तो इमोजी' म्हणत असाल तर हत्तीसारखा, चार इमोजी. 'ती इमोजी' म्हणत असाल तर चावीसारखी, चार इमोज्या. 'इमोज्या' ऐकून हसू आलं ना? पण नियमाने त्यात काहीच चूक नाही. फक्त कानाला सवय नाही.

आपल्या मालवणीतही हे यंत्र चोख चालतं. आंबो, आंबे. झाड, झाडां. चेडू, चेडवां. आणि अर्थातच गजाल, गजाली. त्याच हिशेबाने बटण, बटणां आणि ॲप, ॲपां. कुणाला शिकवावं लागत नाही, तोंडातून आपोआप येतं.

'बटाटास' कोण म्हणतं?

'पण फाईल हा परका शब्द आहे, त्याला त्याचंच अनेकवचन हवं,' असं म्हणणारे तुमच्या आजूबाजूला असतीलच. त्यांना सावंतवाडीच्या आठवडा बाजारात घेऊन जा.

बटाटा, चावी, घमेलं. आपल्याला घरचे वाटणारे हे शब्द पोर्तुगीजांकडून आलेत. गोवा आपल्या उंबऱ्याशीच, १९६१ पर्यंत तिथे पोर्तुगीज राज्य होतं. वस्तू आल्या, त्यांच्याबरोबर नावं आली. आता लक्ष द्या. पोर्तुगीजमध्येही अनेकवचनाला शेवटी 'स' लागतो, इंग्रजीसारखाच. एक 'बताता', अनेक 'बतातास'. पण कोकणातल्या कुठल्या बाईने कधी भाजीवाल्याला 'अर्धो किलो बटाटास दी' म्हटलंय? तिने शब्द घेतला, 'स' तिथेच सोडला आणि घोड्याचे घोडे तसे बटाट्याचे बटाटे केले. चावीच्या चाव्या झाल्या, घमेल्याची घमेली झाली. कुणी समिती नेमली नाही.

इंग्रजी शब्दांचंही पूर्वी तसंच झालं. बँकेच्या बँका, बॅगेच्या बॅगा, पेन्सिलीच्या पेन्सिली, तिकिटाची तिकिटं. 'राष्ट्रीयीकृत बँक्स' असं कुठल्या पेपरात छापून येत नाही. अडलं ते फक्त कुठे तरी. 'बस' घ्या. भिंत-भिंतीच्या चालीने 'बशी' करावं तर चहाची बशी आडवी येते. म्हणून आपण 'बसेस' म्हणतो किंवा सरळ 'एसटीच्या गाड्या'. तेव्हा 'स'वाली रूपं मराठीत अजिबात नाहीत असं नाही. पण ती गरजेपोटी आली.

एकच शब्द दोनदा आला

मग गेल्या काही वर्षांत असं काय झालं की आपण 'फाईल्स', 'लिंक्स', 'ॲप्स' म्हणायला लागलो?

माझं निरीक्षण सांगते. फाईल हा शब्द कॉम्प्युटरबरोबर आलाच नाही. तो त्याच्या कितीतरी आधी कचेरीतून आला. 'साहेबांच्या टेबलावर फायली पडून आहेत' हे वाक्य तुम्ही लहानपणापासून ऐकलंय. सरकारी मराठीत त्याला 'नस्ती' आणि 'नस्त्या' असंही म्हणतात. कॉम्प्युटर बनवणाऱ्यांनी कचेरीतलंच नाव उचलून पडद्यावर ठेवलं, आणि तोच शब्द आपल्याकडे दुसऱ्यांदा आला. आता तहसील कार्यालयात कान देऊन ऐका. लाल फितीतल्या कागदांना 'फायली' आणि पेनड्राइव्हमधल्यांना 'फाईल्स'. एकच माणूस, एकच शब्द, दोन अनेकवचनं!

रीलचंही तेच. दोऱ्याचं रीळ आणि सिनेमाची रिळं आपल्या आजी-आजोबांच्या बोलण्यात होतीच. तेही इंग्रजीच. २०२० मध्ये इन्स्टाग्रामवर ते दुसऱ्यांदा आलं आणि झालं 'रील्स'. इतकं की आता आपण म्हणतो, 'काल एक रील्स टाकलं.' एक आणि रील्स!

फरक कशाने पडला? पहिल्या वेळी शब्द कानाने आला. बाजारात, बंदरावर, कचेरीत कुणीतरी बोललं, आपण ऐकलं आणि आपल्या पद्धतीने म्हटलं. दुसऱ्या वेळी तो डोळ्यांनी आला. पडद्यावरच्या बटणावर जे छापलं होतं तेच आपण वाचलं, 'रील्स', 'ॲप्स', 'सेटिंग्ज'. ते अनेकवचन आहे हे डोक्यात आलंच नाही, ते त्या बटणाचं नाव झालं. म्हणून 'एक रील्स' बोलणारा गाढव नाही. तो फक्त पाटी वाचतोय.

आणि एक गंमत बघा. 'फाईल्स उघडल्या', 'लिंक्स पाठवल्या', 'ॲप्स उडवली'. नावाला 'स' लावला तरी क्रियापद कसं वागलं? फाईल आणि लिंक बायकी म्हणून 'ल्या', ॲप नपुंसकलिंगी म्हणून 'ली'. म्हणजे वरून इंग्रजी शर्ट घातला तरी आतलं मराठी लिंग क्रियापदाला बरोबर दिसतं.

हसलं कोण आणि कुणाला?

आता जरा गंभीर. आमच्या बॅचच्या एका प्रेझेंटेशनमध्ये दोडामार्गकडची एक मैत्रीण म्हणाली, 'या तिन्ही फायली मी एका फोल्डरमध्ये ठेवल्यात.' मागच्या बाकांवर हशा पिकला. ती लाल झाली आणि पुढची दहा मिनिटं एकेक शब्द तपासत, अडखळत बोलली. विषय तिला आमच्यापेक्षा जास्त येत होता, पण त्या दिवशी ते कुणाला दिसलं नाही. तिच्यानंतरच्या मुलाने 'हे एक फाईल्स बघा' म्हटलं. तेव्हा कुणी हसलं नाही. बाहेर आल्यावर तिने एवढंच विचारलं, 'ह्यात हसण्यासारखां काय आसा?'

काहीच नव्हतं. नियमाने तीच बरोबर होती. पण आपल्या डोक्यात एक हिशेब पक्का बसलाय. 'स' लावला की माणूस शिकलेला, 'फायली' म्हटलं की गावाकडचा. गोव्यात किंवा पुण्यात इंटरव्ह्यूला जाणारी आपल्या जिल्ह्यातली किती मुलं या भीतीने तोंड मिटून बसत असतील? कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सवाल्याला ती भीती नसते. तो बिनधास्त विचारतो, 'दोनय फायली पेनड्राइव्हात आसत?' आणि काम दोन मिनिटांत करून देतो.

दुसऱ्या टोकाचेही लोक आहेत बरं का. 'फाईल्स' म्हटलं की मराठी बुडाली म्हणणारे. त्यांनाही सांगायला हवं की मराठीने 'बसेस' पचवलं, तर 'ॲप्स'ने ती मरणार नाही. आणि शुद्धलेखनाचे नियम काढून दाखवाल तर ते आहेत एकूण १८. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ पासूनचे, त्यांत १९७२ मध्ये चारांची भर पडली. त्यांचा मुख्य भर अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घावर आहे. लिंकचं अनेकवचन काय करायचं हे त्यांत शोधू नका.

मोबाईलला मराठी मोजायला कोण शिकवतं?

हा सगळा प्रकार कट्ट्यावरच्या वादापुरता असता तर सोडून दिलं असतं. पण तुमच्या फोनची भाषा मराठी केलीत तर फोनलाही हाच प्रश्न पडतो. 'एक फाईल हटवली' आणि 'तीन फाईल हटवल्या' की 'तीन फायली हटवल्या'? ते वाक्य कुणीतरी बसून लिहिलेलं असतं.

जगातल्या भाषांची ही माहिती यूनिकोड कन्सोर्शियम एका ठिकाणी गोळा करतं. कुठल्या भाषेत संख्येनुसार शब्दाची किती रूपं लागतात, याचे खाने तिथे ठरलेले आहेत. जपानीला एकच खाना पुरतो. अरबीला सहा लागतात. मराठीला दोन, एक आणि इतर. ऐकायला सोपं वाटतं. पण इंग्रजीत 'डिलीटेड' हा शब्द एकाला आणि दहांना सारखाच चालतो. मराठीत फाईल हटवली, फायली हटवल्या, फोटो हटवला, फोटो हटवले, चित्र हटवलं, चित्रं हटवली. भाषांतर करणाऱ्याला शब्दाचं लिंग ठरवल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. मग तो कधीकधी पळवाट काढतो, 'हटवलेल्या फायली: ३'.

इथे भाषेच्या विद्यार्थ्यांनी कान टवकारावेत. या कामाला लोकलायझेशन म्हणतात आणि त्याचे पैसे मिळतात. हात बसवायचा असेल तर फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाच्या 'पॉन्टून' या व्यवस्थेत स्वयंसेवक म्हणून मराठी वाक्यं सुचवता येतात. 'मला इंग्रजी फाडफाड येत नाही' म्हणून मागे राहणाऱ्या मुलांकडे इथे लागणारं भांडवल आहे. लिंगाची चूक त्यांच्या कानाला लगेच टोचते.

मग बरोबर काय?

निकाल हवाच असेल तर माझा असा आहे. मराठी वाक्यात 'फायली' आणि 'लिंका' बिनधास्त म्हणा आणि लिहा. ती रूपं गावंढळ नाहीत, ती बँका आणि चाव्यांच्या रांगेतली आहेत. माउस, फोटो, पासवर्ड, व्हिडिओ यांना काहीच लावू नका. 'ॲपं' अजून ओठांवर बसत नसेल तर 'ॲप्स' चालू द्या, काळ ठरवेल. 'एक रील्स', 'एक ॲप्स' मात्र टाळा, ते ना इंग्रजीत बसतं ना मराठीत.

शंका आली तर सोपी चाचणी आहे. शब्दाला 'मध्ये' लावून बघा. 'फायलींमध्ये', 'फोटोंमध्ये', 'लिंकांमध्ये' म्हणताना शब्द वाकला तर समजा तो मराठीत रुळला. 'बटाट्यामध्ये' म्हणतो, पण 'डेट्यामध्ये' म्हणत नाही, 'डेटामध्ये' म्हणतो. म्हणजे बटाटा घरचा झाला, डेटा अजून पाहुणा आहे. पाहुण्याला दारातून हाकलायचं नसतं आणि घरातल्याला पाहुणा म्हणायचं नसतं, एवढंच.

आता एक काम तुमच्यावर सोपवते. सध्या तुम्ही सगळे एआयला काहीबाही विचारता आणि त्याला प्रॉम्प्ट म्हणता. हा शब्द मराठीत नवाकोरा आहे, त्याचं लिंग अजून पक्कं झालेलं नाही. 'प्रॉम्प्ट दिला', 'प्रॉम्प्ट दिली' की 'प्रॉम्प्ट दिलं'? पहिलं टिकलं तर दहा प्रॉम्प्ट, दुसरं टिकलं तर दहा प्रॉम्प्टा, तिसरं टिकलं तर दहा प्रॉम्प्टं. दामले आज नाहीत आणि यासाठी समितीही बसणार नाही. बटाट्याचं अनेकवचन जसं बाजारातल्या बायांनी ठरवलं, तसं याचं तुम्ही ठरवणार आहात. तेव्हा आज दिवसभर तुमच्या तोंडून काय निघतं, ते जरा ऐका.